माठ कर्जतचा, वारा अलिबागचा

कर्जत स्थानकावरचा बटाटावडा गरम असतानाच खावा, असे या मार्गावरचे जुने प्रवासी सांगतात. एप्रिल उजाडला की ही सूचना अनावश्यक ठरते. दुपारच्या गाडीची वाट पाहत उभ्या असलेल्या माणसाच्या हातात वडा गार होण्याची शक्यताच उरत नाही. उल्हास नदीच्या पात्रातले उघडे पडलेले कातळ तापलेले असतात, भाताची खाचरे भेगाळलेली असतात आणि माथेरानच्या डोंगराच्या उतारांवर पानगळीने व वणव्यांनी करपलेला तपकिरी रंग चढलेला असतो. तिकडे खालापूर तालुक्यात खोपोलीची स्थिती काही निराळी नसते. बोरघाटाच्या भिंतीला पाठ टेकून बसलेल्या या गावात दुपारी एकनंतर रस्ते ओस पडतात. मग शुक्रवारच्या रात्री घरोघरी एकच बेत शिजू लागतो : रविवारी सकाळी निघायचे, अलिबागला समुद्रावर दिवस काढायचा आणि रात्रीपर्यंत परतायचे.

हा बेत वर्षानुवर्षे होत आला आहे आणि त्यामागचा तर्क साधा आहे. कर्जतला पारा चाळिशी ओलांडतो, अलिबागला तो बत्तीस-तेहतीसच्या आसपास असतो. सात-आठ अंशांचा फरक म्हणजे जणू दुसरा ऋतूच. तरीही अनेकांचा अनुभव असा की, अलिबागच्या वाळूवर दुपारी दोन तास काढून मंडळी परततात ती डोके दुखत, अंग चिकट झालेले आणि कर्जतमध्ये होती त्याहून अधिक थकलेली. जिल्हा एक, दोन्ही गावांतील सरळ रेषेतले अंतर पन्नास-पंचावन्न किलोमीटर. एवढ्याशा अंतरात आठ अंशांचा फरक का पडतो, हा पहिला प्रश्न. तो फरक शरीराला खरोखर मिळतो का, हा दुसरा. आणि सहलीच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर कर्जतच्या पूर्वेला उभे आहे. ढाक, राजमाची आणि बोरघाटाच्या रांगेमागे दख्खनचे पठार सुरू होते. लोणावळ्याची उंची समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या थोडी वर, तर कर्जत जेमतेम साठ मीटरवर. मार्च आणि एप्रिलच्या पूर्वार्धात सकाळच्या वेळी वारे बहुधा पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहतात. पठारावरची कोरडी हवा सह्याद्रीच्या कड्यावरून खाली कोकणात उतरते. हवा खाली येते तशी तिच्यावरचा दाब वाढतो, ती आकसते आणि आकसताना तापते. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाची नळी गरम होते, त्यातला बराचसा भाग याच कारणाने. कोरडी हवा एक किलोमीटर खाली उतरली तर सुमारे दहा अंशांनी तापते, हे भौतिकशास्त्राचे पक्के गणित आहे. म्हणजे पुण्याच्या उंचीवर ३७ अंश असलेली हवा घाट उतरून कर्जत-खोपोलीच्या पातळीला आली, तर केवळ उतरण्यानेच ती ४२ अंशांपर्यंत जाते. वर कोकणातले ऊन आणि तापलेला काळा कातळ आहेतच. घाटमाथ्यावर झुळूक खात बसलेल्या लोणावळेकराला आपल्या पायथ्याशी काय चालले आहे याची कल्पना येत नाही, ती यामुळेच.

कर्जत या बाबतीत एकटे नाही. सह्याद्रीच्या पायथ्याची सगळीच गावे ही शिक्षा भोगतात. ताम्हिणी घाटाखालचे भिरा हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. २८ मार्च २०१७ रोजी तेथे ४६.५ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली आणि विदर्भाला मागे टाकणारे हे कोकणातले गाव कोणते, असा प्रश्न देशभर विचारला गेला. मुंबईतही उन्हाळ्याचा उच्चांक मे महिन्यात क्वचितच गाठला जातो. सांताक्रूझ येथे २८ मार्च १९५६ रोजी नोंदवले गेलेले ४१.७ अंश हे तापमान मार्चमधले आहे, कारण पूर्वेचा वारा जोरात असला की समुद्राकडून येणारा वारा दुपार उलटून जाईपर्यंत किनाऱ्यावर पाऊलच ठेवू शकत नाही.

समुद्राकडून येणारा हा वारा म्हणजेच खारा वारा. शाळेच्या पुस्तकात त्याची आकृती सर्वांनी काढलेली असते, पण त्याला वेळापत्रक असते हे मात्र आकृतीत नसते. सकाळी सूर्य वर आला की जमीन झपाट्याने तापते. पाणी तसे तापत नाही. समुद्र आपल्या अंगावर पडलेली उष्णता खोलवर मिसळून टाकतो, त्यामुळे मे महिन्यातही कोकण किनाऱ्यालगतच्या पाण्याचे तापमान २९-३० अंशांच्या पलीकडे फारसे जात नाही. जमिनीवरची हवा तापून वर जाते, तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा सरकते. किनाऱ्यावर हे साधारण दहा-अकरा वाजता सुरू होते आणि दुपारी दोन ते चारच्या दरम्यान वाऱ्याला खरा जोर येतो. समुद्रावरून आलेल्या हवेचे तापमान पाण्याच्या तापमानापासून फार दूर जाऊ शकत नाही. अलिबागचा पारा तेहतिसाच्या आगेमागे अडून राहतो तो म्हणून.

हाच वारा कर्जतलाही यायला हवा. तो येतो, पण उशिरा आणि दमून. वाटेत पेणचा खारेपाट आणि तापलेली भातखाचरे ओलांडताना तो गरम होत जातो. त्यातही कर्जतपुढे एक स्वतंत्र अडथळा आहे. माथेरान, प्रबळ आणि इर्शाळ यांची रांग कर्जत आणि समुद्र यांच्या मधोमध उत्तर-दक्षिण आडवी पसरली आहे. माथेरानचा माथा सुमारे आठशे मीटर उंच. खाऱ्या वाऱ्याचा थर किनाऱ्यावर काहीशे मीटर ते फार तर किलोमीटरभर जाडीचा. म्हणजे पूर्वेला सह्याद्री, पश्चिमेला माथेरान आणि मध्ये कर्जत, अशी ही परात आहे. मे महिन्यात एकूण वारेच पश्चिमेकडून वाहू लागतात, तेव्हा खारा वारा घाट चढून पुण्यापर्यंत जातो. तेथील उन्हाळी संध्याकाळ सुसह्य होते ती त्याच्याच कृपेने. कर्जतला तो दुपार कलल्यावर पोहोचतो. तोवर दिवसाचे जे नुकसान व्हायचे ते झालेले असते.

येथे वृत्तपत्रांतील तापमानाच्या तक्त्याविषयी एक गोष्ट सांगायला हवी. रायगड जिल्ह्याचे तापमान म्हणून वर्षानुवर्षे जो आकडा छापला जातो तो अलिबागचा असतो, कारण भारतीय हवामान खात्याची जुनी वेधशाळा तेथे आहे. कर्जतमधला शेतकरी किंवा खालापूरमधला कामगार ४१ अंशांत उभा असताना त्याच्या जिल्ह्यापुढे ३३ लिहिलेले असते. अलीकडे स्वयंचलित केंद्रे वाढली, मोबाइलवर गावागावाचे आकडे दिसू लागले आणि ही विसंगती लोकांच्या लक्षात आली. त्याबरोबर किनाऱ्याकडे धावण्याची ओढही वाढली, कारण दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले की फरक मोठा मोहक दिसतो.

मात्र उष्णता मोजणारे आणखी एक उपकरण प्रत्येक घरात आहे आणि ते मोबाइलपेक्षा प्रामाणिक आहे. ते म्हणजे पाण्याचा माठ. कर्जतमध्ये ऐन मे महिन्यात सावलीत ठेवलेल्या माठातले पाणी दाताला झोंबेल असे गार होते. तोच माठ अलिबागला नेऊन ठेवला तर पाणी बेताचेच गार होते. थर्मामीटर सांगतो की अलिबाग थंड आहे. माठ सांगतो की कर्जत थंड आहे. खरे कोण बोलते?

दोघेही. माठाच्या छिद्रांतून पाझरणारे पाणी बाहेरच्या हवेत उडून जाते आणि उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. हवा जितकी कोरडी तितके पाणी भराभर उडणार आणि माठ तितका गार होणार. हवामानशास्त्रज्ञ हेच मोजण्यासाठी थर्मामीटरच्या टोकाला ओले फडके गुंडाळतात आणि येणाऱ्या आकड्याला आर्द्र तापमान म्हणतात. समजा, मे महिन्यातल्या एका दुपारी कर्जतला ४१ अंश तापमान आणि २५ टक्के आर्द्रता आहे, तर ओल्या फडक्याचा थर्मामीटर साधारण २५ अंश दाखवील. त्याच वेळी अलिबागला ३३ अंश आणि ६८ टक्के आर्द्रता असेल, तर तोच थर्मामीटर २८ दाखवील. ओल्या फडक्याच्या दृष्टीने अलिबाग कर्जतपेक्षा तीन अंशांनी अधिक गरम ठरते.

माणसाचे शरीर हे एका अर्थाने पाझरणारा माठच आहे. एक लिटर घाम पूर्णपणे वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर जाते. पण घाम वाळला पाहिजे. अंगावरून ओघळून गेलेला घाम काही कामाचा नाही. किनाऱ्यावरच्या दमट हवेत तो नुसताच ओघळतो. तापमान आणि आर्द्रता एकत्र करून प्रत्यक्ष किती उकडेल हे सांगणारा जो उष्मा निर्देशांक अमेरिकेच्या हवामान सेवेने रूढ केला, त्यात वरचे दोन्ही आकडे घालून पाहिले तर उत्तर थक्क करणारे येते. कर्जत आणि अलिबाग, दोन्ही ठिकाणी ते ४३ अंशांच्या जवळपास एकच आहे. पाऊणशेहून अधिक किलोमीटर गाडी हाकून, पेट्रोल जाळून, टोपल्या-चटया वाहून नेऊन हाती आलेला फरक शून्य!

मग लोक वेडे आहेत काय? अजिबात नाही. हा निर्देशांक सावलीतला आणि मंद झुळुकीतला असतो. त्यात किनाऱ्याचा वारा धरलेला नाही आणि सारी गंमत त्या वाऱ्यात आहे. माणसाच्या त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश असते. वारा त्याहून थंड असेल तर तो अंगावरून जाताना उष्णता घेऊन जातो आणि घामही वाळवतो. अलिबागचा ३३ अंशांचा वारा ही दोन्ही कामे करतो. कर्जतचा ४१ अंशांचा वारा घाम वाळवतो हे खरे, पण तो त्वचेपेक्षा गरम असल्याने अंगात उष्णता ओततो. दुपारी पंख्याखाली बसूनही भाजल्यासारखे वाटते ते यामुळे. शिवाय कोरड्या वाऱ्यात घाम दिसतच नाही, फुटता फुटता उडून जातो, आणि शरीरातले पाणी किती गेले याचा पत्ता लघवी गडद पिवळी होईपर्यंत लागत नाही. थोडक्यात, समुद्रावर जो मिळतो तो वारा आहे; थंडावा त्या वाऱ्याचा आहे, जागेचा नाही. वारा पडला किंवा अडला, तर किनारा कर्जतपेक्षा अधिक जाच करतो. मधल्या भिंतीआड, गाड्यांच्या गर्दीत किंवा तंबूच्या बंद कनातीत बसलेल्या माणसाला समुद्र दिसतो, पण मिळत काहीच नाही.

याच जिल्ह्यात १६ एप्रिल २०२३ रोजी जे घडले ते या संदर्भात विसरता येणार नाही. खारघर येथे ‘महाराष्ट्र भूषण’ पुरस्काराच्या सोहळ्याला लाखो लोक मोकळ्या मैदानात छपराविना तासन् तास बसले होते. उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी नवी मुंबई परिसरात तापमान सुमारे ३८ अंश होते. विदर्भातल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. पण किनाऱ्यालगतच्या दमट हवेत, उघड्या उन्हात, गर्दीने वारा अडवलेला असताना ३८ अंश जीवघेणे ठरतात. हवामान खाते उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी प्रदेशात ४० अंशांची, तर किनारी केंद्रांसाठी ३७ अंशांची किमान मर्यादा धरते, आणि त्याबरोबर तापमान सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा अधिक वर असावे अशी अट घालते. मर्यादेतला हा तीन अंशांचा फरक हेच सांगतो. सहलीला जाणाऱ्यांनी खारघरची ती दुपार लक्षात ठेवावी. भर बारा वाजता लहान मुले आणि आजी-आजोबांना उघड्या वाळूवर बसवणे हा त्याच चुकीचा छोटा नमुना आहे. कोरडी वाळू दुपारी पन्नास अंशांच्या वर सहज तापते. वरून ऊन, खालून वाळू आणि समोरून पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश, असा तिहेरी मारा तेथे असतो.

तेव्हा सहल यशस्वी होते की नाही हे ठिकाणावर कमी आणि घड्याळावर अधिक अवलंबून आहे. नेहमीचा क्रम असा : सकाळी नाश्ता आटोपून नऊला निघायचे, खोपोलीहून पेणच्या रस्त्याने किंवा सावरोली-खारपाडा मार्गाने महामार्गाला लागायचे, वडखळला अडकायचे, बारा वाजता समुद्रावर उतरायचे, तीन वाजेपर्यंत भिजायचे, जेवायचे आणि रहदारी टाळण्यासाठी चार-साडेचारला परत फिरायचे. म्हणजे वाऱ्याला जोर यायच्या आधी उन्हात बसायचे आणि वारा रंगात आला की उठायचे. शिवाय रहदारी टळत नाहीच. सुटीच्या संध्याकाळी पोयनाड ते वडखळ वाहनांची रांग लागायची ती लागतेच.

शहाणी मंडळी हा क्रम उलटा करतात. पहाटे पाचला कर्जत सोडले तर रस्ता मोकळा मिळतो, हवाही बरी असते. पेण मागे पडून खारेपाट सुरू झाला, मिठागरे आणि खाडीचा चिखल दिसू लागला की हवेचा पोत बदलतो. धरमतरच्या पुलावर खिडकीची काच खाली केली की ओठांवर खारट दमटपणा जाणवतो. कोरड्या परातीतून दमट पट्ट्यात शिरल्याची ही हद्द नकाशावर नसली तरी अंगाला अचूक कळते. एसटीने जाणाऱ्यांना पेणला गाडी बदलावी लागली तरी साडेआठ-नऊपर्यंत अलिबाग गाठता येते. सकाळचे दोन तास गावात, हिराकोटाच्या तलावाकाठी, कान्होजी आंग्रे यांच्या समाधीपाशी किंवा ओहोटी असेल तर कुलाबा किल्ल्यात घालवावेत. अकरा ते साडेतीन ही वेळ सावलीची. आक्षी, नागाव, चौल किंवा रेवदंडा भागातल्या नारळी-पोफळीच्या वाडीत घरगुती जेवण घेऊन तेथेच आडवे व्हावे. वारा वाडीतही येतो आणि ऊन तेवढे गाळून येतो. पुढे चारनंतर समुद्र.

सावलीचा हा भरवसा पूर्वीइतका राहिलेला नाही. ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलेल्या निसर्ग चक्रीवादळाने अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यातल्या वाड्या झोपवल्या. माड, पोफळी, आंब्याची जुनी झाडे आणि किनाऱ्यावरचे सुरू मुळासकट उन्मळून पडले. नवी रोपे लागली आहेत. पण माड सावली देण्याजोगा व्हायला वर्षे जातात आणि दरम्यानच्या काळात अनेक ठिकाणी झाडांच्या जागी पत्र्याची छपरे आली. पत्र्याखाली बसलेल्याला वाडीचा अर्थ कळत नाही. पत्रा तापतो आणि तापून खाली उष्णता फेकतो. झाड आपल्या पानांतून पाणी उडवते आणि भोवतालची हवा गार ठेवते. दोन्ही ठिकाणी सावली काळीच दिसते, फरक मात्र पाच मिनिटांत कळतो.

समुद्रात उतरण्याच्या बाबतीत घड्याळाइतकेच पंचांग महत्त्वाचे. किनाऱ्यावर एक जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करावी, जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या सुमारास. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, पण सहलीचा दिवस ठरवायला पुरेसा आहे. मोठे उधाण पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास असते. त्या दिवसांत पाण्याच्या पातळीत चार मीटरहून अधिक फरक पडतो. म्हणजे नेमक्या अशा रविवारी दुपारी बारापासून साडेपाचपर्यंत, जेव्हा किनारा माणसांनी फुललेला असतो, तेव्हा पाणी सर्वाधिक जोराने बाहेर ओढत असते. उलट अष्टमी ते एकादशीच्या दिवसांत बारा ते दोनच्या सुमारास ओहोटी असते. सकाळी उशिरा पायी किल्ल्यात जाता येते आणि संध्याकाळी पाणी किनाऱ्याकडे चढत असते. शिवछत्रपतींनी १६८० मध्ये ज्याच्या उभारणीला सुरुवात केली त्या कुलाबा किल्ल्याला भरतीच्या वेळी चारही बाजूंनी पाणी वेढते. गप्पांत वेळ विसरलेल्या पर्यटकांना परतीच्या ओहोटीपर्यंत तेथेच बसून राहावे लागते. शत्रूसाठी केलेली ही सोय आता पर्यटकांना शिस्त लावते.

ओहोटी ओढते आणि भरती घेरते. पोहता न येणाऱ्याला दोन्ही सारख्याच. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. वरून शांत दिसणाऱ्या, मैलभर सपाट पसरलेल्या अशा किनाऱ्यांवर पाणी कंबरेपासून गळ्यापर्यंत कधी येते ते उमगत नाही. उन्हाने थकलेला, पाणी न प्यायलेला आणि भरपेट जेवलेला माणूस तर आणखी लवकर दमतो. उष्म्यापासून पळून आलेल्याला पाण्याचा मोह अधिक असतो हे समजण्यासारखे आहे. ३० अंशांचे पाणी त्वचेपेक्षा पाच अंशांनी थंड, आणि पाणी हवेपेक्षा वीस-पंचवीस पटींनी वेगाने उष्णता वाहून नेते. म्हणून गुडघाभर पाण्यात बसून अंगावर लाटा घेतल्या तरी शरीर लवकर निवते. त्यासाठी खोल जाण्याची गरज नाही. बेशुद्धावस्था, बडबड, अंग तापलेले आणि घाम थांबलेला अशी लक्षणे कोणात दिसली, तर मात्र वाट पाहू नये. त्याला सावलीत आणून, कपडे सैल करून, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. उष्माघातात शरीराचे तापमान चाळिशीपलीकडे गेलेले असते आणि प्रत्येक मिनिट मोलाचे असते.

खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, ही समजूत कर्जतपासून अलिबागपर्यंत सारखीच आहे. अलिबागचा पांढरा कांदा भौगोलिक मानांकन मिळालेला, गोडसर आणि चवीला अप्रतिम. वेणीसारख्या विणलेल्या त्याच्या माळा उन्हाळ्यात रस्त्याकडेला टांगलेल्या दिसतात. तो जरूर घ्यावा आणि खावा. खिशातला कांदा ऊन अडवतो याला वैद्यकीय आधार नाही. आधार आहे तो पाणी, मीठ आणि साखर यांना. कैरीचे पन्हे, मीठ घातलेले कोकम सरबत, ताक यांत हे सगळे आयतेच असते. कोकणच्या स्वयंपाकघराने क्षार-संजीवनीचा शोध पुड्या निघण्याच्या कितीतरी आधी लावला होता.

वास्तविक कर्जतकरांना थंडावा हवा तर तो त्यांच्याच तालुक्यात आहे. ठाण्याचा जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट १८५० मध्ये माथेरानच्या डोंगरावर चढला आणि मुंबईच्या गोऱ्या साहेबांना उन्हाळ्याचे ठिकाण मिळाले. १९०७ मध्ये नेरळहून छोटी गाडी वर जाऊ लागली. डोंगराच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत तापमान सहा-सात अंशांनी उतरते, म्हणजे मे महिन्यातला माथेरानचा आकडा अलिबागच्या आकड्यापासून फार दूर नसतो. त्यातही वर हवा तितकी चिकट नसते, झाडांची सावली दाट असते आणि वाहनांना मज्जाव आहे. हिशेबाने पाहिले तर माथेरानच जिंकते. पण रविवारची सहल हिशेबाने ठरत नाही. डोंगर कर्जतच्या माणसाला रोज दिसतो. क्षितिज मात्र त्याला कोठे मिळणार?

आणि ज्यांना डोंगरही नाही आणि समुद्रही नाही, अशांची संख्या या दोन तालुक्यांत थोडी नाही. भातकापणीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि उन्हाळाभर तेथेच राहतात. ४१ अंशांच्या हवेत, पेटत्या भट्टीशेजारी, डोक्यावर विटा घेऊन चालणाऱ्या बाईला आर्द्र तापमान किती हे विचारण्यात अर्थ नाही. कोरड्या हवेत तिचा घाम वाळतो एवढीच निसर्गाची मेहेरबानी. तो घाम भरून काढायला पिण्याचे पाणी हवे, आणि वाड्या-पाड्यांवर त्याच महिन्यांत विहिरी तळ गाठतात. जिल्ह्यापुढे ३३ अंश छापले गेल्याने ज्यांचे नुकसान होते ते हे लोक. कामाच्या वेळा सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा ठेवाव्यात, दुपारी सुटी द्यावी, कामाच्या जागी सावली व पाणी असावे, अशा सूचना सरकारच्या उष्णताविषयक आराखड्यांत आहेत. त्या अलिबागच्या आकड्यावर लागू करायच्या की कर्जतच्या, हे ठरवले तर निम्मे काम होईल.

अलिबागला संध्याकाळी सहानंतर वाऱ्याचा जोर कमी होऊ लागतो. सूर्य बुडाला की जमीन निवते, समुद्र मात्र होता तेवढाच कोमट राहतो. त्यामुळे किनाऱ्यावरची रात्र दिवसापेक्षा फारशी निराळी नसते. मे महिन्यात तेथे पहाटेही २६-२७ अंश असतात आणि हवा ओलीच असते. मुक्काम केलेल्या पाहुण्याला वातानुकूलित खोलीबाहेर झोप लागत नाही. एका दिवसात परतणाऱ्यांचा खरा फायदा येथे आहे. सात वाजता निघून पेण मागे टाकले की हवा हळूहळू कोरडी होत जाते. दिवसभर पेटलेला कर्जतचा कातळ रात्री आकाशाकडे उष्णता सोडून देतो. उशिरा पोहोचलेला पश्चिमेचा वाराही अजून अंगणात रेंगाळत असतो. दहाच्या सुमारास दार उघडून आत आलेली मंडळी वाळूने भरलेल्या चपला बाहेर काढतात आणि दिवा लावायच्या आधी माठाकडे वळतात. सकाळी भरून ठेवलेले त्यातले पाणी आता चांगले गार झालेले असते.